विहिरीत उतरणाऱ्याचं नाव कुठे लिहितात?



पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. सुरुवात कोळशाच्या खाणीतून असली तरी शेवट आपल्याच शिवारात आहे.

गेल्या महिन्यात आम्ही चौघं मित्र सावनेरला गेलो होतो. एक शिक्षक, एक कृषी केंद्रवाला, एक निवृत्त एसटी कंडक्टर आणि मी. आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर विषय निघाला तर एक काका म्हणाले, "काहून रे, पैसे देऊन अंधार पाहाले जाता का? आपल्याकडं लाइट जाते तेवढी पुरत नाही का?" सगळे हसले. मीही हसलो. पण खरं सांगायचं तर मलाही तिथं नेमकं काय पाहायचं ते माहीत नव्हतं. वीस वर्षं बातम्या लिहितोय, कोळसाटंचाई, भारनियमन, वीजबिल या शब्दांनी किती रकाने भरले त्याचा हिशेब नाही. कोळसा जिथून येतो ती जागा मात्र कधी पाहिली नव्हती.

पहाटे साखरखेर्ड्याहून निघालो, मेहकरजवळ समृद्धीवर चढलो आणि नागपूर गाठलं. सावनेर नागपूरच्या वायव्येला, छिंदवाड्याच्या रस्त्यावर. तिथं वेस्टर्न कोलफिल्ड्स म्हणजे 'वेकोलि' ही सरकारी कंपनी भूमिगत खाणीतून कोळसा काढते. २०१६ मध्ये वेकोलि आणि आपलं पर्यटन महामंडळ, एमटीडीसी, यांनी मिळून ही खाण सामान्य माणसाला दाखवायला सुरुवात केली. बाजूला बगीचा आहे, इको पार्क म्हणतात. पोरं तिथं फोटो काढतात. आमचं लक्ष खाली जायच्या वाटेकडं होतं.

पण खाली जायच्या आधी एक काम असतं. एका खिडकीपाशी उभं केलं आणि नाव विचारलं. पूर्ण नाव, गाव, वय. वहीत लिहिलं, सही घेतली. मग खिसे तपासले. बिडी, सिगारेट, काडेपेटी, लायटर, मोबाइल, सगळं बाहेर. खाणीत मिथेन वायू साचू शकतो, एका ठिणगीनं होत्याचं नव्हतं होतं. आमच्या कंडक्टरसाहेबांच्या खिशातून तंबाखूची डबी निघाली, ती मात्र परत मिळाली! मग डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटला दिवा, पायात बूट आणि कमरेला सेल्फ रेस्क्यूअरचा डबा. खाली आग लागून विषारी वायू झाला तर त्या डब्यातून काही वेळ श्वास घेता येतो.

आम्हाला नेणारा माणूस पन्नाशीचा, त्याच खाणीत काम केलेला. आम्ही त्याला दादा म्हणत होतो. निघताना त्यानं आम्हाला मोजलं. तिरप्या बोगद्यानं थोडं खाली गेल्यावर पुन्हा मोजलं. वळणावर पुन्हा. शिक्षक मित्र म्हणाला, "दादा, आम्ही काय सहलीची पोरं आहोत का?" तो थांबला आणि म्हणाला, "सर, खाणीत काही झालं ना, तर पयला सवाल कोळशाचा नसते, मशीनचा नसते. खाली किती होते, वर किती आले, हाच सवाल असते. बाकी सगळं नंतर."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्याचा अर्थ परतीच्या वाटेवर लागला.

खाली काय आहे ते थोडक्यात सांगतो. आपल्याला वाटतं तशी मोठी गुहा नाही. गल्ल्याच गल्ल्या आहेत. कोळशाच्या थरात आडव्या-उभ्या गल्ल्या कापत जायचं आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब सोडायचे. त्या खांबांवर वरचा सगळा डोंगर उभा. छतात लोखंडी सळया ठोकलेल्या, वरचे दगडाचे थर एकमेकांना शिवल्यासारखे धरून ठेवायला. भिंतींना पांढरी भुकटी फासलेली. दादा म्हणाला ती दगडाची पूड. कोळशाची धूळ हवेत उडाली तर तीही बारुदासारखी पेटते, म्हणून ही पूड. एका वाटेनं ताजी हवा आत येते, दुसऱ्या वाटेनं वापरलेली हवा बाहेर जाते, आणि मधे दारं असतात. एक दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

एका ठिकाणी त्यानं सगळ्यांना दिवे बंद करायला लावले. मी खेड्यातला माणूस, अमावस्येला मळ्यात झोपलेला. पण अमावस्येला चांदण्या तरी असतात. तिथं स्वतःचा हात डोळ्यापुढं धरला तरी दिसेना. अर्ध्या मिनिटात कंडक्टरसाहेब म्हणाले, "लावा हो दादा, लावा."

भिंतीला हात लावला. तो कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडांचा. आपल्या बुलडाण्याचा काळा दगड त्यामानानं नवा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. म्हणजे आपली विहीर जो पाषाण फोडून जाते तो लाव्हा अजून वाहायचा होता, तेव्हा हा कोळसा जमिनीत गाडला गेलेलाही जुना झाला होता.

आता थोडा इतिहास, कारण तो आपल्यालाही लागून आहे.

विदर्भातल्या कोळशाची गोष्ट वरोऱ्यापासून सुरू होते. आज वरोरा म्हटलं की बाबा आमटे आणि आनंदवन आठवतं. पण त्याच्या कितीतरी आधी, १८७१ पासून, इंग्रज सरकार तिथं स्वतःची कोळशाची खाण चालवत होतं. का? तर रेल्वे. १८६७ मध्ये मुंबईहून नागपूरपर्यंत गाडी आली. आपल्या मलकापूर, नांदुरा, शेगाववरून जाते तीच लाइन. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा सुरू झाला आणि त्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला. तो काही आपल्या प्रेमापोटी आला नव्हता. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला लवकर पोचावा म्हणून आला होता. कापूस न्यायला इंजिन हवं आणि इंजिनाला कोळसा. मग वर्धा ते वरोरा खास कोळशासाठी लाइन टाकली गेली. आपल्या आज्या-पणज्यांनी वेचलेला कापूस ज्या वाफेवर निघून गेला, त्या वाफेत वरोऱ्याच्या खाणकामगाराचा घाम होता. या दोघांची कधी भेट झाली नाही.

वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली. तोवर बल्लारपूरला खाण सुरू झाली होती. पुढं चांदा, वणी, उमरेड, कामठी, कन्हान, असा पट्टा वाढत गेला. बऱ्याच खाणी खाजगी मालकांच्या. १९७३ मध्ये सरकारनं कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण केलं, १९७५ मध्ये कोल इंडिया आली आणि नागपूरची वेकोलि तिचाच भाग.

हा इतिहास पाट्यांवर वाचायला मिळतो. मला दुसरा इतिहास सांगायचा आहे. आमच्या कमरेला जो डबा होता, भिंतीला जी पूड होती, खिडकीत जी वही होती, या एकेका गोष्टीला जन्मतारीख आहे. आणि बहुतेक वेळा ती कुणाच्या तरी मरणाची तारीख आहे.

दोन वाटांचंच घ्या. १६ जानेवारी १८६२. इंग्लंडमधलं हार्टली गाव. तिथल्या खाणीला वर-खाली जायला एकच उभी वाट होती. पाणी उपसणाऱ्या इंजिनाची अवाढव्य लोखंडी तुळई मोडली आणि त्याच वाटेत कोसळली. वाट बुजली. २०४ माणसं आणि पोरं मेली. त्याच वर्षी तिथं कायदा झाला की खाणीला बाहेर पडायला दोन वाटा असल्याच पाहिजेत. दुसरी वाट काढायचा खर्च मालकांना आधी परवडत नव्हता. २०४ मढी निघाल्यावर परवडला.

आपल्याकडंही तेच. कोलारच्या सोन्याच्या खाणीत १८९७ मध्ये ५२ जण गेले, बलुचिस्तानातल्या खोस्तच्या कोळसा खाणीत १८९९ मध्ये ४७ जण. मग १९०१ मध्ये भारताचा पहिला खाण कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५२ चा कायदा आला. तरी १० डिसेंबर १९५४ ला छिंदवाडा जिल्ह्यातल्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसलं आणि ६३ कामगार बुडाले. नाव आपल्या चिखलीसारखंच आणि त्या वेळी राज्यही एकच. १९५६ पर्यंत आपला बुलडाणा जुन्या मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. म्हणजे ती आपल्याच राज्यातली बातमी होती. आज आपल्याकडं कुणाला आठवते?

चासनाला मात्र अनेकांना ठाऊक असेल, निदान 'काला पत्थर' सिनेमामुळं. २७ डिसेंबर १९७५, धनबादजवळ. शेजारच्या जुन्या, सोडून दिलेल्या कामात साचलेलं पाणी भिंत फोडून आत आलं. पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली.

आणि एक गोष्ट वाचलेल्यांची. १३ नोव्हेंबर १९८९, राणीगंजची महावीर खाण. पाणी घुसलं. बरेच जण वर आले, पण ७१ जण खाली राहिले. सहा जण वाचले नाहीत. उरलेले ६५ एका उंच जागी अडकले होते. जसवंतसिंग गिल नावाच्या अभियंत्यानं वरून जमिनीला भोक पाडून त्यातून लोखंडी पिंजरा सोडायची युक्ती काढली, स्वतः त्या पिंजऱ्यातून खाली गेला आणि एकेकाला वर पाठवत सगळ्यात शेवटी आला. या गोष्टीतलं धाडस सगळे सांगतात. मला आता त्यातला आकडा जास्त दिसतो. शेवटी कोण वर येणार हे तेव्हाच ठरवता येतं, जेव्हा खाली किती आहेत ते पक्कं माहीत असतं.

अजून एक पान आहे, बायकांचं. एके काळी आपल्या कोळसा खाणींत हजारो बायका खाली काम करत. नवरा कोळसा तोडायचा, बायको टोपल्यानं वाहायची. १९२९ मध्ये नियम आला की बायकांची संख्या टप्प्याटप्प्यानं कमी करायची, आणि पुढच्या दशकात त्यांचं खाली जाणं बंद झालं. पण दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडला आणि १९४३ मध्ये सरकारनं बंदी उठवली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडं. कायदेमंडळात टीका झाली तेव्हा सरकारची बाजू त्यांनाच मांडावी लागली. युद्धातली टंचाई आहे, हे तात्पुरतं आहे आणि बायकांना पुरुषाइतकाच पगार आहे, हे त्यांनी सांगितलं. हा निर्णय तेव्हाही वादाचा होता, आजही त्यावर दोन मतं होऊ शकतात. पण १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादच्या कोळसा भागात गेले, स्वतः खाणीत उतरले, मजुरांची घरं पाहिली. १९४४ मध्ये खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. १९४६ च्या फेब्रुवारीत बायकांवरची बंदी पुन्हा लागू झाली. खात्याचा मंत्री स्वतः त्या अंधारात उतरून आला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

वर आलो. खिडकीपाशी पुन्हा नाव विचारलं आणि नावापुढं खूण केली. चार गेले, चार आले. दादानं आमच्याकडं पाहून मान हलवली आणि पुढच्या गटाकडं वळला.

परत येताना गाडीत सगळे गप्पा मारत होते. मी गप्प होतो. मला एक कात्रण आठवत होतं.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. आपल्याच भागातलं एक गाव, नाव सांगत नाही. उन्हाळ्यात विहिरीचं काम चालू होतं. सात परस खोल गेलेली. सुरुंग उडवून झाल्यावर दगड भरायला मजूर खाली उतरले. यारीनं भरलेलं टोपलं वर येत होतं. रोप तुटला. खाली उभ्या असलेल्या एका मजुराच्या डोक्यावर सगळा ढीग पडला. डोक्यावर काय होतं? रुमाल.

मला संध्याकाळी फोन आला. मी ज्याचं काम होतं त्या ठेकेदाराला विचारलं, तो म्हणाला, "बाहेरगावचा माणूस आहे भाऊ, नाव नक्की माहीत नाही." पानाची वेळ झाली होती. मी चार ओळी पाठवल्या. विहिरीच्या कामावर यारीचा रोप तुटून एका मजुराचा मृत्यू. दुसऱ्या दिवशी छापून आलं, तिसऱ्या दिवशी मी विसरलो.

महिन्याभरानं एक बाई मला शोधत बस स्टँडवर आली. सोबत दहा-बारा वर्षांचा मुलगा. तिच्या हातात माझं कात्रण, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपलेलं. म्हणाली, "भाऊ, हे तुमीच लेयलं ना? यात माह्या मालकाचं नाव कुठी हाये?"

पोलिसांत मरणाची नोंद होती, नावही होतं. पण ठेकेदार आता म्हणत होता की तो आमच्या कामावर नव्हताच, पाणी प्यायला आला असेल, वाकला असेल, पडला असेल. सोबतचे मजूर काम संपवून दुसऱ्या गावाला निघून गेले होते. तो कामावर होता हे सांगणारा कागद तिच्याकडं एकच होता, माझं कात्रण. आणि त्यात 'एक मजूर' एवढंच होतं.

मी तिला चहा पाजला. कुणाकुणाला फोन केले. त्यातून काही झालं नाही. ती पुन्हा आली नाही. तो मुलगा आता पंचविशीचा असेल. कुठं असेल, काय करत असेल, मला माहीत नाही. कदाचित तोही कुठल्या विहिरीत उतरत असेल.

घरी आल्यावर मी कायदा काढून बसलो. १९५२ च्या खाण कायद्यात खाणीची व्याख्या होती. खनिज शोधायला किंवा काढायला केलेलं खोदकाम म्हणजे खाण. म्हणजे कोळशासाठी खड्डा केला तर ती खाण, तिथं वही, दिवा, हेल्मेट, दोन वाटा. पाण्यासाठी तसाच खड्डा केला, तितकेच सुरुंग उडवले, तितकाच काळा दगड फोडला तर ती विहीर. तिथं रुमाल.

पण थांबा, पुढं आणखी आहे. मजूर भरपाईचा १९२३ चा एक जुना कायदा आहे. त्यात कोणकोणत्या कामावरच्या मजुराला भरपाई मिळते याची यादी होती. त्या यादीत असं खोदकाम येतं ज्यात स्फोटकं वापरली आहेत किंवा ज्याची खोली १२ फुटांपेक्षा जास्त आहे. बारा फूट! आपली कोणती विहीर बारा फुटांवर थांबते? म्हणजे इंग्रजांच्या काळापासून विहिरीवरचा मजूर कायद्याच्या कागदावर होता. आता हा कायदा नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, पण मुद्दा तोच राहतो. भरपाई मागायची तर आधी दाखवावं लागतं की माणूस त्या कामावर होता. आणि ते दाखवायला कुठंतरी त्याचं नाव लिहिलेलं लागतं. त्या बाईचं घोडं तिथंच अडलं होतं.

शेतकऱ्यासाठी अपघात योजना आहे, गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं. चांगली योजना आहे. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरच्या एका माणसासाठी. ज्याचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही, तो दुसऱ्याच्या विहिरीत मेला तर त्यात बसत नाही.

हे फक्त आपल्याकडंच आहे असंही नाही. डिसेंबर २०१८ मध्ये मेघालयात कसान इथं उंदराच्या बिळासारख्या बेकायदा कोळसा खाणीत पाणी घुसलं, पंधराच्या आसपास मजूर अडकले. ना नकाशा, ना हजेरी. शोध घेणाऱ्यांना आत नेमके किती आणि कुठं हेच सांगणारं कुणी नव्हतं. २०२३ च्या दिवाळीत उत्तराखंडात सिल्क्यारा बोगदा कोसळला. सगळा देश टीव्हीपुढं होता, सगळे सुखरूप निघाले, आनंद झाला. पण आठवतं का, सुरुवातीचे काही दिवस आकडा ४० सांगितला जात होता. मग कळलं की आत ४१ आहेत. एवढ्या मोठ्या सरकारी कामावर एक माणूस इतके दिवस कुणाच्या मोजणीतच नव्हता.

आता आपल्या गावाचं पाहा. साखरखेर्ड्याचं नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे ते ११ ऑक्टोबर १७२४ च्या लढाईमुळं. निजामुल्मुल्कानं इथं मुबारिझखानाला हरवलं, मुबारिझखान मारला गेला आणि तिथून पुढं हैदराबादची निजामशाही उभी राहिली. गावाचं नावही फत्तेखेर्डा झालं होतं. २०२४ मध्ये या लढाईला तीनशे वर्षं झाली. आपण अभिमानानं सांगतो. त्या दिवशी आपल्या शिवारात मेलेल्या साध्या शिपायातल्या एकाचं तरी नाव आपल्याला ठाऊक आहे का? मला नाही. सेनापतींची नावं राहिली. तीनशे वर्षांपूर्वीचं आपण काही करू शकत नाही. पण यंदाच्या उन्हाळ्याचं करू शकतो.

दिवाळी झाली की विहिरींची कामं निघतील. सरकारी अनुदानाच्या, स्वतःच्या, दोन्ही. यारी गावोगाव उभ्या राहतील. विहीर झाली की तिच्यावर मोटार बसेल आणि ती मोटार ज्या विजेवर चालेल त्यातली बरीच कोळशाची. पारसच्या केंद्रातही कोळसाच जळतो. म्हणजे आपल्या ओलिताच्या एका टोकाला खाणकामगार आहे आणि दुसऱ्या टोकाला विहीर खोदणारा. एकाच्या डोक्यावर हेल्मेट आहे आणि खिडकीत त्याचं नाव आहे. दुसऱ्याचं काय, ते आपल्या हातात आहे.

माझं म्हणणं फार मोठं नाही. ज्याच्या शेतात विहीर आहे त्यानं शंभर पानी वही आणावी. रोज सकाळी खाली उतरणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव, घरच्या कुणाचा फोन नंबर लिहावा. संध्याकाळी वर आल्यावर खूण करावी. ठेकेदार "मी पाहतो" म्हणाला तरी आपण लिहावं. यारीचा रोप रोज पाहावा, जुना झाला तर बदलल्याशिवाय काम सुरू करू नये. टोपलं वर जाताना खाली कुणी त्याच्या खाली उभं राहू नये. हेल्मेट घ्यावं, विहिरीच्या खर्चात ते किती असतं हो? सुरुंग उडाल्यावर लगेच उतरू नये, धूर निघू द्यावा. जुन्या, बंद विहिरीत तर आधी हवा खेळल्याशिवाय माणूस उतरवूच नये, तिथं विषारी हवा साचते आणि एकाला काढायला दुसरा जातो, दुसऱ्याला काढायला तिसरा.

सरपंच, ग्रामसेवक, रोजगार सेवक ही पोस्ट वाचत असतील तर त्यांना विनंती. अनुदानाच्या विहिरीचा फोटो आपण काठावरून काढून पाठवतो. त्या फाइलला खाली उतरणाऱ्यांच्या नावांचं एक पान जोडा.

आणि पत्रकार मित्रांनो, आपल्यासाठी. 'एका मजुराचा मृत्यू' ही बातमी पुरी होत नाही. पान थांबत नाही हे मलाही माहीत आहे. दुसऱ्या दिवशी नाव काढा, दुसऱ्या दिवशी छापा. कुणाच्या कामावर होता तेही छापा. मी ते केलं नव्हतं.

आपल्या परिसरात विहिरीच्या कामात कोण कोण गेलं, याची एक वही मी आता घरी सुरू केली आहे. पहिल्या पानावर त्या बाईच्या नवऱ्याचं नाव लिहायचं होतं. जुन्या डायऱ्या काढल्या, माळ्यावरचे गठ्ठे सोडले. कात्रण सापडलं. नाव सापडलं नाही, कारण ते मी तेव्हाही लिहून घेतलं नव्हतं. पहिली ओळ कोरी ठेवली आहे. तुमच्यापैकी कुणी त्या वेळी त्या विहिरीवर कामाला असाल, किंवा त्या घराला ओळखत असाल, तर इथं जाहीर लिहू नका, मला येऊन भेटा. मी स्टँडवरच असतो.